मालुबाईचा ख

त्या रविवारी दुपारी सीमाभागातल्या अनगोळच्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी दारात लग्नापेक्षा जास्त चपला पडल्या होत्या. आत चारेकशे माणसं दाटीवाटीनं बसून एका झोपलेल्या माणसाकडं टक लावून बघत होती.

स्टेजवर पलंग होता आणि पलंगावर शामू. वय पस्तीस, पोट सुटलेलं, दहावीला सात वेळा नापास. ही सगळी माहिती निद्रागुरू श्रीनाथजी माईकवरून अभिमानानं देत होते. शामूच्या डोक्यावर कान झाकणारा चकचकीत मुकुट होता आणि कपाळावर निळा दिवा लुकलुकत होता. शामू घोरत होता. तो घोरला की पुढच्या रांगेतले लोक हात जोडत होते.

मालुबाईला हसू आवरेना. तिचा नवरा जन्मभर घोरला, पण त्याला कधी कुणी फूल वाहिलं नव्हतं.

"भक्तहो," श्रीनाथजी म्हणाले, "कुंभकर्ण आळशी होता, असं तुम्हाला कुणी सांगितलं? सहा महिने तो झोपत नव्हता, तो डाऊनलोड करत होता! परदेशातले शास्त्रज्ञ आज झोपलेल्या मेंदूला वीज देऊन स्मरणशक्ती वाढवू बघतायत. नुसतं बघतायत! आपल्या ऋषींनी केव्हाच वाढवून ठेवली होती. मेंदूत असतात अल्फा लहरी, अल्फाच्या वर डेल्टा, आणि डेल्टाच्या वर कोण?"

"देवी!" लोक ओरडले. मागच्या खेपेला आलेल्यांना उत्तर पाठ होतं.

चमत्काराची रीत अशी. पंधरा जणांनी एकेक करून स्टेजवर जायचं. मुकुटाला कानाशी एक भोक होतं, त्यातून शामूला आपल्या मनातला एक शब्द हळूच सांगायचा. तोच शब्द चिठ्ठीवर लिहून तांब्याच्या ताटात टाकायचा, म्हणजे मागून पडताळता येईल. पांढऱ्या साडीतली साधिका नीलम ते ताट देवीपुढं ठेवायला आत घेऊन जायची. मग शामूनं अर्धा तास झोपायचं, लोकांनी भजन म्हणायचं, आणि उठल्यावर शामूनं पंधराच्या पंधरा शब्द ओळीनं सांगायचे.

मालुबाईचा नंबर सातवा होता. ती सून माधवीच्या आग्रहाखातर आली होती, पण आलीच आहे तर बघावं म्हणून स्टेजवर चढली. शामूच्या कानात म्हणाली, "खण." आणि चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं तसं लिहिलं. दुसरीतून शाळा सुटली असली तरी मालुबाईनं आयुष्यात कुठं अंगठा उठवला नव्हता. सही करायची ती सगळ्या अक्षरांनिशी.

भजन संपलं. शामू डोळे मिटूनच उठून बसला. मुकुट डोक्यावर तसाच.

"एक, मोदक. दोन, आकाशवाणी. तीन, रिक्षा..."

टाळ्या पडत होत्या. ज्याचा शब्द येई तो उभा राहून "माझा! माझा!" म्हणून ओरडे. सहावी तुळस झाली. मग शामू जरा अडखळला.

"सात... रवण."

कुणीच उठलं नाही.

"रवण कुणाचा?" श्रीनाथजींनी विचारलं. "लाजू नका, माउली."

मालुबाई उठली. "सातवी मी हाय. पर माझा शब्द खण व्हता. चोळीचा खण."

श्रीनाथजी गोड हसले. "मातोश्री, वयानुसार दात जातात, उच्चार बदलतो. शामूनं ऐकलं तेच सांगितलं."

"माझं बत्तीस दात शाबूत हायत, महाराज. अजून ऊस सोलते. दाखवू?"

लोक हसले, पण ते मालुबाईला. शामू आठवर गेला आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

खरा घोटाळा झाला तो पुढं. पुढच्या रविवारी मुलांना दीक्षा मिळणार होती. दीक्षा म्हणजे असाच एकेक मुकुट, परीक्षेपर्यंत रोज डोक्यावर घालून झोपायला. माधवीनं आपल्या लेकीचं नाव दिलं. भैरवी यंदा दहावीला. मराठी शाळेतली पोर, गणितात हुशार, पण कन्नडच्या पेपराला ती नेहमी अडायची. श्रीनाथजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "काही औषध चालू आहे?"

"फिटच्या गोळ्या हायत," माधवी म्हणाली. "दोन वर्सं झाली, एकबी फिट आली न्हाय."

"गोळी मेंदूला कुलूप घालते, ताई. आणि मुकुट म्हणजे किल्ली. एकाच दाराला दोन्ही कशी चालतील? आजपासून गोळ्या बंद. आठ दिवसांत मेंदू मोकळा होईल, मग दीक्षा."

मालुबाईनं नातीला जवळ ओढलं. शाळेच्या पायरीवर वाकडीतिकडी झालेली तेरा वर्षांची भैरवी तिनं पाहिली होती. दाताखाली जीभ, तोंडाला फेस, आणि भोवती उभी राहून कांदा हुंगवा म्हणणारी माणसं. त्यानंतर गोळी सुरू झाली. ती घ्यायचं पोरगी एक दिवस चुकली नव्हती, आणि घरातल्या कुणी तिला चुकू दिलं नव्हतं.

घरी पोचताच मालुबाईनं तोफ डागली. "गोळी बंद हुयाची न्हाय."

लेक केशव मच्छे गावच्या कारखान्यात विजेच्या कामाचा फिटर होता. नुकताच कामावरून आला होता. तो वैतागून म्हणाला, "आये, चारशे माणसं खुळी हायत व्हय? शास्त्रज्ञबी तेच म्हणत्यात, मोबाईलवर हाय बघ. तू दुसरी शिकलेली. तुला मेंदूतलं काय कळतंय?"

"मेंदूतलं न्हाय कळत. माणसातलं कळतंय. जो माणूस डॉक्टरला न विचारता पोरीची गोळी काढून घेतोय, त्यो गुरू नव्हं."

"आत्ती, तुमास्नी प्रत्येकात खोटच दिसती," माधवी म्हणाली. सासूशी ती एवढ्या मोठ्यानं कधी बोलत नसे. "पोरगी नापास झाली तर तुमी बघायला येणार हाय का तिचं?" आणि गोळ्यांचं पाकीट तिनं कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

सोमवारी सकाळी भैरवी गोळी न घेता शाळेची तयारी करू लागली. मालुबाई किराणाची यादी लिहीत बसली होती. मन थाऱ्यावर नव्हतं, पण खोबरं संपलं होतं हे खरं. भैरवीनं यादी उचलून वाचली आणि फिस्सकन हसली.

"आज्जे, हे काय? रवोबरं? रवजूर? रवडीसारवर?"

"खोबरं गं! खजूर! डोळं फुटलं काय?"

"तुझा ख बघ की. र एकीकडं, व एकीकडं. भावकीत भांडणं झाल्यागत मधी एवढी जागा. ज्याला म्हाईत न्हाय त्यो रवच वाचणार."

मालुबाईनं यादी तिच्या हातातून ओढून घेतली.

"परत बोल."

"ख न्हाय, रव दिसतंय, असं म्हटलं. चिडू नगंस."

"चिडत न्हाय गं, पोरी." मालुबाई उठून उभीच राहिली. "मी त्या शामूच्या कानात म्हटलं खण. कानानं ऐकलं असतं तर खण म्हणाला असता. लई तर घण, गण म्हणाला असता. रवण कुठनं आला? खचा रव कान करत न्हाय, भैरवी. डोळाच करतोय. कुणीतरी माझी चिठ्ठी वाचलीय!"

भैरवीनं दप्तर खाली ठेवलं. मग खाली मान घालून म्हणाली, "आज्जे, गोळी मलाच नको झालती. तिनं वर्गात झोप येती. कन्नडचा धडा वाचते नि पुसून जातोय. मला वाटलं, बंद केली तर डोकं चालंल."

"मग हे डॉक्टरीणबाईला सांगायचं का त्या घोरणाऱ्याच्या मालकाला?"

शाळा राहिली बाजूला. मालुबाईनं नातीला हाताला धरून तिला गोळी लावून देणाऱ्या डॉक्टर विनोदिनींच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी भैरवीला स्वतःसमोर गोळी दिली, आठवडाभराच्या गोळ्या मालुबाईजवळ दिल्या, मग सगळं ऐकून घेतलं.

"झोप येते हे मला सांगायला हवं होतंस," त्या भैरवीला म्हणाल्या. "वेळ बदलता येते, मात्रा बदलता येते, औषधही बदलता येतं. पण ते मी ठरवायचं. फिटची गोळी मनानं एकदम बंद केली तर पहिल्यापेक्षा मोठी फिट येऊ शकते. जिवावर बेतू शकतं."

"आणि झोपेत डोक्याला वीज देऊन पाठांतर वाढवत्यात, ते?" मालुबाईनं विचारलं.

"त्यात एक दाणा खरा आहे, म्हणून तर लोक फसतात. दिवसभर शिकलेलं झोपेत मनात पक्कं होतं, हे खरं. गाढ झोपेत अगदी हलकी वीज किंवा बारीक आवाज देऊन ते आणखी पक्कं होतं का, याचे प्रयोग चाललेत. प्रयोगशाळेत, माणसाची परवानगी घेऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली. कधी थोडा फरक दिसतो, कधी दिसतच नाही. न वाचलेलं पुस्तक डोक्यात ओतणारं यंत्र मात्र जगात कुणाकडं नाही. मी आजच तक्रार करते."

"करा. पर आदी त्याची टोपी लोकांपुढं उतरू दे. न्हायतर उद्या दुसऱ्या गावात दुसरं कार्यालय घेतोय."

संध्याकाळी मालुबाईनं केशव-माधवीला समोर बसवून सांगितलं, "गोळी चालू केलीय. डॉक्टरनी तुमा दोघांस्नी बोलवलंय, जावा नि ऐका. रविवारी मी त्याचं पितळ उघडं पाडते. खोटी पडले तर ह्या घरात परत तोंड उघडणार न्हाय."

"हे तर चमत्काराहून मोठं हाय," केशव पुटपुटला. पण दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दवाखान्यात जाऊन आले. केशवनं दीक्षेचं नाव सोडलं होतं. माधवी मात्र म्हणाली, "डॉक्टर त्यांच्या दुकानाचंच बोलणार. रविवारी दीक्षा हाय म्हणजे हाय."

रविवारी गर्दी दुप्पट. स्टेजच्या एका बाजूला दीक्षेची पोरं रांगेत बसवलेली, त्यात भैरवी. तिच्या मांडीवर नवा कोरा मुकुट. मालुबाईबरोबर शेजारच्या दोघी जावा होत्या, चिठ्ठ्या लिहून द्यायचं काम मालुबाईनं स्वतःकडं घेतलेलं. डॉक्टर विनोदिनी मधल्या रांगेत.

"मातोश्री पुन्हा आल्या!" श्रीनाथजी माईकवर म्हणाले. "बघा, श्रद्धा बसली!"

"बसलीय तर. तिला उठवायलाच आलेय," मालुबाई म्हणाली. लोकांना तो विनोद वाटला.

चौथी मालुबाई, पाचवी-सहावी त्या दोघी. तिघी शामूच्या कानाशी वाकल्या, चिठ्ठ्या ताटात पडल्या, नीलम ताट घेऊन आत गेली. भजन झालं. शामू उठला.

"एक, गणपती. दोन, पाऊस. तीन, कुंदा." टाळ्या. "चार, रवळं. पाच, रवोरं. सहा, रवापर."

सभागृहात चुळबुळ झाली. हे कसले शब्द? तेवढ्यात मालुबाई स्टेजवर चढली आणि श्रीनाथजींच्या हातातला माईक तिनं लेकराच्या हातातली कात्री घ्यावी तसा काढून घेतला.

"ह्ये शब्द आमचं हायत! चिठ्ठीवर मी लिहिलंतं खळं, खोरं नि खापर. माझा ख जरा फाकलेला हाय, त्याचा रव झाला. पर कानात आमी काय सांगितलं? आक्का, तू बोल."

"मीठ!" पहिली जाऊ ओरडली.

"मीबी मीठच!" दुसरी म्हणाली.

"मीबी मीठच सांगितलं. हितं यायच्या आदी डॉक्टरीणबाईस्नी सांगून ठेवलंतं, विचारा त्यास्नी." डॉक्टर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मान हलवली. "तिघींनी कानात मीठ घातलं, आणि ह्याच्या तोंडातनं एकदाबी मीठ आलं न्हाय! शामू, लेका, मिठाला जागला न्हाईस रं!"

हशा असा फुटला की पंख्यावरचं कबूतर उडालं. श्रीनाथजी पुढं धावले. "मुकुटाला हात लावू नका! अकरा हजार व्होल्टची दैवी ऊर्जा आहे!"

आता गर्दीतून केशव उठला. एवढा वेळ तो हाताची घडी घालून बसला होता. पण वीज हा त्याच्या रोजच्या भाकरीतला विषय.

"अकरा हजार?" तो म्हणाला. "महाराज, अकरा हजारात शामूची भजी झाली असती." आणि दोन ढांगांत स्टेजवर जाऊन त्यानं मुकुट उचलला. शामूनं हरकत घेतली नाही. उलट डोकं खाजवून मोकळा श्वास घेतला.

केशवनं मुकुटाचं कानाचं भोक माईकला लावलं. त्यातून एका बाईचा कंटाळलेला, बारीक आवाज आला. मागं भांड्यांचा खडखडाट.

"...सहा, र-वा-प-र. सात, लाडू. आठ, चांदणं. शामण्णा, बेग हेळप्पा!" लवकर बोल म्हणून घाई. "सहा, र-वा-प-र. सात, लाडू..."

दोघं-तिघं आत धावले. देवीबिवी काही नव्हती. कार्यालयाच्या स्वयंपाकघरात, धूर ओढणाऱ्या पंख्याच्या घरघरीत नीलम बसली होती. पुढं चिठ्ठ्या, हातात फोन. पंख्यामुळं तिला बाहेरचा गलका ऐकूच आला नव्हता. तिची सगळी शाळा कन्नडमध्ये झालेली. देवनागरी अक्षरं ती शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकापुरती ओळखत होती, आणि मराठी तिला येत नव्हती. म्हणून जे दिसलं ते अक्षर लावून वाचलं. मराठी जाणणारी असती तर रवण बघून खण म्हणाली असती, आणि ठकसेन सुटला असता.

श्रीनाथजींनी शेवटचा पत्ता टाकला. या भागात हा पत्ता सहसा वाया जात नाही. "बंधूंनो! एका गरीब कन्नड भगिनीच्या उच्चारावर ही बाई हसते आहे! हा भाषेचा अपमान आहे!"

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. त्यांची नातही दीक्षेच्या रांगेत होती. "ए, सुळ्ळु हेळबेड!" ते गरजले. खोटं बोलू नकोस. "टोपी घालताना तू आमाला भाषा विचारली न्हाईस. आता काढताना कशाला विचारतो?"

केशवनं तोवर मुकुट उघडला होता. एकेक वस्तू तो वर धरून दाखवू लागला. "ह्यो फोनवरनं ऐकायचा बारका स्पीकर. ह्यो दिवा खेळण्यातला. आणि डोक्यात झिणझिण्या येत्यात म्हणता ना, ती ही मोटर. फोन थरथरतोय तसली. वीज मेंदूत जायाला तारच न्हाय!" मग त्यानं लेकीच्या मांडीवरचा मुकुट उघडला. त्यात स्पीकरसुद्धा नव्हता. नुसता दिवा आणि थरथर.

"आणि तू रं?" मालुबाईनं शामूला विचारलं.

"आज्जे, मला म्हणाले, दुपारचं जेवायचं, झोपायचं, कानात येईल ते बोलायचं," शामू म्हणाला. "एवढं चांगलं काम मला कोण देणार हुतं?"

पण पहिल्या रांगेतली एक बाई रडवेली होऊन उठली. "खोटं कसं म्हणता? माझ्या पोराचं मार्क वाढल्यात. मागच्या महिन्यात दीक्षा घेतलीया त्यानं!"

डॉक्टर विनोदिनी पुढं आल्या. "ताई, मुकुटाबरोबर काय नियम दिले होते?"

"निजायच्या आदी एक तास अभ्यास. मोबाईल बंद. दहाला अंथरुणात, सहाला उठायचं."

"मग मार्क त्यानंच वाढले. अभ्यास तुमच्या मुलानं केला, झोप तुमच्या मुलानं घेतली. टोपी नुसती वर बसून होती."

बाई मटकन खाली बसली. मग तिचं तिलाच हसू आलं. "म्हंजे माझं पोरगंच हुशार हाय की!"

श्रीनाथजी मागच्या दाराकडं सरकत होते. दारात ते म्हातारे गृहस्थ काठी आडवी धरून उभे होते, आणि डॉक्टरांनी आधीच कळवल्यामुळं पोलिसांची गाडीही येऊन लागली.

माधवी स्टेजखाली उभी होती. कमरेची किल्ली तिनं काढली आणि सासूपुढं धरली.

"मला नगं," मालुबाई म्हणाली. "तुझी लेक हाय, गोळी तूच दे. तिच्या काळजीनंच तू फसलीस, त्यात लाज न्हाय. लाज असती ती विचारायची चोरी वाटण्यात."

मग तिच्या ध्यानात आलं की माईक अजून हातातच आहे आणि सगळं सभागृह तिच्याकडं बघतंय. दुसरी शिकलेली बाई एवढ्या लोकांपुढं काय बोलणार? तिनं पदर खोचला.

"ऐका. डॉक्टर शिकलेल्या हायत, माझा लेक शिकलेला हाय, तुमी सगळी शिकलेली हाय. तरी आठ दिवसांमागं ह्याच जागी मी म्हटलं, माझा शब्द खण व्हता, आणि तुमी मला हसलासा. का? तर त्याच्याकडं माईक व्हता. देव माना, नका मानू, ते तुमचं तुमी बघा. पर कुणी चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आदी हात लावून बघा. टोपी उघडून बघा. आत काय हाय, तार कुठं जाती, खरं असलं तर डॉक्टरपुढं करून दाखव, असं तोंडावर विचारा. खरा माणूस विचारल्यानं चिडत न्हाय, बसून समजावून सांगतोय. चिडतोय तो चोर. आणि पोरांची औषधं कुणाच्याबी शब्दावर बंद करू नका. गुरूच्या न्हाय, शेजारणीच्या न्हाय, माझ्याबी न्हाय. देवानं डोकं दिलंय ते मुकुट घालायला न्हाय दिलं. वापरायला दिलंय!"

टाळ्या वाजल्या, पण तिनं त्या हातानंच थांबवल्या.

"टाळ्या नगं. टाळ्या मागच्या रविवारीबी लई वाजल्यात. सवाल विचारा, सवाल."

मग दीक्षेच्या रांगेतून भैरवी उभी राहिली. रिकामा मुकुट खुर्चीवर ठेवून तिनं डॉक्टरांकडं बघत मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, माझ्या गोळीची वेळ बदलली तर वर्गात झोप यायची थांबंल का? आणि न्हाय थांबली तर पुढं काय करायचं?"

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या आणि समजावून सांगू लागल्या. बघता बघता त्यांच्यापुढं आयाबायांची रांग लागली, आणि त्या रांगेत प्रत्येकीच्या तोंडी एक सवाल होता.